सगळ्यांना जोडून ठेवणारी ती कोण? ऑनलाइन शाळेने मुलांना शिकवलेलं पुढारपण

शेतातून घरी आलेल्या, अजून घरी पोहोचायच्या असलेल्या आणि भाकरी थापता थापता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या तायांना माझा नमस्कार. मी बचत गटांची समन्वयक आहे. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतल्या गटांमध्ये माझं येणंजाणं असतं. दरवेळी आपण बचत, कर्ज, व्याज यावर बोलतो. आज विषय वेगळा आहे. आज बोलायचं आहे आपल्या मुलांच्या ऑनलाइन शाळेबद्दल, आणि त्या शाळेत ती पुढारपणाबद्दल काय शिकली त्याबद्दल.

तुम्ही म्हणाल, ताई, करोना गेला, शाळा केव्हाच उघडल्या, आता ते कशाला उकरता? मलाही तसंच वाटत होतं. पण मागच्या उन्हाळ्याच्या सुटीत एका गावात गटाची बैठक होती. ऊन फार होतं म्हणून बायका पोरांना घेऊन आल्या. बैठक मारुतीच्या पारावर, निंबाच्या सावलीत. पोरं दंगा करायला लागली, तेव्हा त्यांना गुंतवायला म्हणून मी कागद वाटले आणि सांगितलं, मोबाइलवर शाळा भरत होती ते दिवस आठवा, आणि लिहा, तेव्हा तुमच्यातला पुढारी कोण होता?

पोरं हसायलाच लागली. पुढारी म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर पांढरे कपडे आणि मोठी गाडी आली. मग मी प्रश्न बदलला. म्हटलं, त्या दिवसांत सगळ्यांना जोडून कोणी ठेवलं? कोणी काय केलं? तुम्ही स्वतः काय केलं? आणि त्यातून काय शिकलात? असे चार प्रश्न. पोरं गप्प झाली आणि लिहायला लागली. त्यांनी जे लिहिलं, त्यामुळे हा विषय मला तुमच्यासमोर आणावासा वाटला.

ते दिवस थोडे आठवू या

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. जूनमध्ये नवं वर्ष सुरू झालं ते मोबाइलवर. नववी ते बारावीचे वर्ग नोव्हेंबर २०२० च्या शेवटी काही ठिकाणी उघडले, पाचवी ते आठवीचे जानेवारी २०२१ मध्ये, आणि दुसरी लाट आली तसे पुन्हा बंद झाले. खेड्यापाड्यांत पाचवीपासून पुढचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले. पहिली ते चौथीच्या लेकरांना डिसेंबर २०२१ पर्यंत थांबावं लागलं. म्हणजे जून २०२० ला जे लेकरू पहिलीत गेलं, त्याने शाळेचा वर्ग पाहिला तो दुसरीत गेल्यावर.

शिक्षण थांबू नये म्हणून बरंच काही झालं. दीक्षा ॲप होतं, व्हॉट्सॲपवर अभ्यास यायचा, पुस्तकातल्या धड्याशेजारचा तो काळापांढरा चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, मोबाइलने टिपला की व्हिडिओ उघडायचा. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ हा कार्यक्रम लागायचा. ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता पण टीव्ही होता, त्यांना त्याचा आधार झाला.

धुळे जिल्ह्याची गोष्ट तर अजून आधीची. मूळचे धुळ्याचे आणि अमेरिकेत नोकरी करणारे हर्षल विभांडिक यांनी गावोगाव सभा घेतल्या, स्वतःचे पैसे घातले, गावकऱ्यांनी लोकवर्गणी काढली आणि जिल्हा परिषदेच्या अकराशेहून जास्त शाळा डिजिटल झाल्या. हे सगळं करोनाच्या आधी झालेलं. पण शाळेला कुलूप लागलं तसा तो पडदाही कुलपाच्या आत राहिला. आता सगळी शाळा घरातल्या एका मोबाइलवर आली. आणि तो मोबाइल कुणाच्या हातात, यावर कोण शिकणार हे ठरू लागलं.

मुलांनी काय लिहिलं

पारावर जमलेल्या मुलांच्या कागदांवर मॉनिटरचं नाव फारच थोड्या ठिकाणी होतं. हुशार म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं, त्यांचंही नव्हतं. मग कोण होतं? एका मुलाने लिहिलं, ‘आमच्या गल्लीतली ताई सकाळी नऊला सगळ्यांच्या दारावर थाप मारायची, आज दहाला तास आहे, विसरू नका.’ एकीने लिहिलं, ‘माझी मैत्रीण वहीच्या पानांचे फोटो पाठवायची. आमच्या घरी फोटो उघडत नव्हते म्हणून ती वहीच घेऊन यायची.’ एकाने लिहिलं, ‘धाब्यावर रेंज यायची. आम्ही चौघं एकाच्या धाब्यावर बसायचो. फोन त्याचा होता, पण तो मधे धरायचा.’

मधे धरायचा. मैत्रिणींनो, हा शब्द मला फार आवडला. फोन ज्याचा, तो आपल्या बाजूला वळवूनही धरू शकला असता.

हे कागद मी घरी नेऊन पुन्हा पुन्हा वाचले. आपल्या गटाची पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, नियमित लेखे. या मुलांना पंचसूत्री कोणी शिकवली नव्हती, पण त्यांनी जे केलं ते त्याच जातीचं होतं. त्यातल्या चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, वेळेवर जमणं आणि जमवणं. शाळेत घंटा वाजते, गुरुजी हाक मारतात. घरात घंटा नव्हती. जे मूल रोज स्वतः उठून बसलं आणि दुसऱ्यालाही आठवण करून देत राहिलं, त्याने आपल्या नियमित बैठकीचंच काम केलं. गटात सुद्धा बैठकीच्या आदल्या दिवशी घरोघर निरोप देणारी बाई असते. ती थांबली की दोन महिन्यांत गट बसतो.

दुसरी गोष्ट, ऐकणं. ऑनलाइन तासाला सगळे एकदम बोलले तर कुणाचंच ऐकू येत नाही. आपला आवाज बंद ठेवायचा, हात वर करायचा, पाळी आली की बोलायचं. एका मुलीने लिहिलं, ‘आधी मला वाटायचं जो जास्त बोलतो तो लीडर. नंतर कळलं, जो गप्प पोराला नाव घेऊन विचारतो, तुला काही म्हणायचं आहे का, तो लीडर.’ आपल्या बैठकीत कोपऱ्यात बसून नुसता अंगठा देणाऱ्या बाईला असं कोणी विचारतं का, हे ज्याने त्याने मनात तपासावं.

तिसरी गोष्ट, कळलं नाही तर तसं सांगणं. बऱ्याच मुलांनी खरं लिहिलं की व्हिडिओ बंद करून आम्ही झोपायचो, पण ‘समजलं का’ विचारलं की ‘हो’ टाइप करायचो. एका मुलाने मात्र सरांना फोन करून सांगितलं, सर, अपूर्णांक आमच्यापैकी कुणालाच कळले नाहीत. त्याने ‘मला’ म्हटलं नाही, ‘आमच्यापैकी कुणालाच’ म्हटलं, कारण त्याने आधी बाकीच्यांना विचारलं होतं. मग सरांनी तो धडा पुन्हा घेतला. स्वतःची अडचण सांगायला धीर लागतो. चार जणांची अडचण विचारून, ती एकत्र करून मांडायला पुढारपण लागतं. गटाच्या वतीने बँकेत बोलायला जाते ती अध्यक्षा दुसरं काय करते?

चौथी गोष्ट, वाटून घेणं. यासाठी सगळ्या महाराष्ट्राने पाहिलेलं एक उदाहरण देते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. रक्कम होती १० लाख डॉलर. त्यांनी त्याच वेळी जाहीर केलं की यातली अर्धी रक्कम मी अंतिम फेरीतल्या बाकीच्या ९ शिक्षकांत वाटणार. शाळा बंद होत्या त्याच काळातली ही बातमी. धाब्यावर बसून फोन मधे धरणाऱ्या पोराने ती ऐकली होती की नाही, कोण जाणे. पण दोघांनी केलं ते एकच.

ही रीत आपल्या खान्देशातलीच

हे सगळं मोबाइलमुळे नवीन आलं असं समजू नका. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाचे प्रमुख होते. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडायचे, अंथरुणांच्या घड्या घालायचे, कंदिलाच्या काचा पुसून ठेवायचे. आज्ञा द्यायचा अधिकार असलेल्या माणसाने आधी झाडू हातात घेतला. आणि रोज मुलांसाठी ते हाताने लिहून छात्रालयाचं दैनिक काढायचे. आज आपण ग्रुपवर निरोप टाकतो, तसं ते रोज एक कागद मुलांसमोर ठेवायचे.

पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलायचे. साने गुरुजी समोर बसून ते उतरवून घ्यायचे. त्यातूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. गुरुजी स्वतः मोठे वक्ते, लेखक. तरी त्या वेळी त्यांनी ऐकण्याचं आणि लिहून ठेवण्याचं काम घेतलं, म्हणून ती भाषणं टिकली. गटात इतिवृत्त लिहिणाऱ्या ताईने हे ध्यानात ठेवावं. आपलं काम कमी समजू नये.

माझ्याच घरातला कागद

आता जे सांगायचं आहे ते सांगायला जरा जड जातं. त्या दिवशी माझी लेकही माझ्यासोबत आली होती. जून २०२० ला ती सहावीत होती, तिचा भाऊ तिसरीत. घरात मोबाइल एक, माझा. त्यावर गटांचे फोनही यायचे. तिने कागदावर लिहिलं होतं, ‘मी लीडर नव्हते. माझ्याकडे फोन नव्हता. मी फक्त भावाला जोडून द्यायचे.’

मी ते वाचलं आणि बराच वेळ तो कागद हातात धरून बसले.

तिचं काय चुकलं? काहीच नाही. ती रात्री फोन चार्जिंगला लावायची, सकाळी भावाला उठवून बसवायची, लिंक उघडून द्यायची, आवाज येत नसला तर बाहेर ओट्यावर घेऊन जायची, गृहपाठाचा फोटो काढून सरांना पाठवायची. मी गटाच्या कामाला बाहेर असले की स्वयंपाकही बघायची. आणि तिचा स्वतःचा अभ्यास? भाऊ झोपल्यावर, रात्री, डेटा उरला असेल तर. मी बायकांच्या बैठकीत समानतेवर बोलत होते आणि माझ्या घरात फोन आधी मुलाच्या हातात जात होता. कुणी ठरवून केलं नव्हतं. तो लहान आहे, त्याला कळत नाही, ती समजूतदार आहे, असं म्हणत म्हणत ते झालं.

आपल्याकडे बाया सहज म्हणतात, ‘पोरीले कसाले जोयजे मोबाइल?’ मी हे तोंडाने कधी बोलले नाही. पण वागले तसंच.

हे माझ्याच घरात होतं असंही नाही. गावागावांतल्या शिक्षणाची देशभर पाहणी करणारा ‘असर’ नावाचा अहवाल निघतो. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२१ मध्ये ६७.६ टक्के झालं. म्हणजे आईबापांनी ओढाताण करून फोन घेतले. पण ज्या घरात फोन होता, तिथल्याही २६ टक्के मुलांच्या हाती तो अभ्यासाला पडत नव्हता. घरात फोन असणं वेगळं आणि मुलाच्या हातात असणं वेगळं.

थोडा हिशोबही करू या, आपण हिशोबाच्या बाया आहोत. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने सूचना काढल्या होत्या की पहिली ते आठवीच्या मुलांना दिवसात ३० ते ४५ मिनिटांचे दोनच ऑनलाइन तास असावेत. म्हणजे एका मुलाला जास्तीत जास्त दीड तास. दोन मुलं असली तर तीन तास. दोघांचे तास कधी एकाच वेळी यायचे हे खरं. पण तशा दिवशी पाळी लावता आली असती, आज तू, उद्या ती, आणि राहिलेलं शेजारच्या मैत्रिणीकडून. एक फोन दोघांना पुरला असता. आम्ही पाळीच लावली नाही. गटात कर्जाची पाळी लावताना आपण किती काटेकोर असतो!

मग मी लेकीला जवळ बसवलं. म्हटलं, तू जे ‘फक्त’ लिहिलंस ना, त्या कामाला आमच्या गटात सचिव म्हणतात. वेळ सांभाळणं, सगळं जोडून देणं, नोंद ठेवणं, निरोप पोहोचवणं. तू एका माणसाची शाळा दीड वर्ष चालवलीस. ती म्हणाली, ‘मग माझी कोणी चालवली?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला सांगितलं की माझं चुकलं. त्यानंतर आमच्या घरात फोनची वही झाली. कोण किती वाजता, कशासाठी, भिंतीवर लावलेलं असतं. त्यात माझंही नाव आहे.

मुलांना विचारायचं कसं

आता तुम्ही विचाराल, मुलांना हे लिहायला लावून काय मिळतं? २०२१ सालचं दहावीचं उदाहरण घ्या. परीक्षा झाली नाही. नववीचे ५० गुण, दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असे धरून निकाल लावला. ९९.९५ टक्के मुलं पास झाली. त्या निकालावरून कोण काय शिकलं, कुणी कुणाला सावरलं, कोण मागे राहिलं, यातलं काही कळत नाही. ते मुलांनाच माहीत आहे. आणि त्यांनाही ते नीट कळतं ते कोणी शांतपणे विचारल्यावर. माझ्या लेकीला चार वर्षांत कळलं नव्हतं की आपण काही मोठं केलं आहे. मलाही नाही.

म्हणून एक करून पाहा. घरी किंवा गटात मुलांना ते चार प्रश्न विचारा. ऑनलाइन शाळेचेच विचारा असं नाही. सध्याच्या शाळेतलं, गणपती मंडळातलं, शेतातलं, कुठलंही काम चालेल. सगळ्यांना जोडून कोणी ठेवलं? नेमकं काय केलं? तू काय केलंस? काय शिकलास, काय शिकलीस?

विचारताना दोन पथ्यं पाळा. शुद्धलेखन तपासू नका. आणि मूल बोलत असताना मधेच ‘असं नव्हतं’ म्हणू नका, ते आपल्याबद्दल बोलत असलं तरी. ज्या तायांना लिहिता येत नाही त्यांनी तोंडी बोलावं आणि मुलांनी लिहून घ्यावं. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या तोंडच्या ओव्या घरच्यांनी उतरवून घेतल्या, म्हणून १९५२ मध्ये पुस्तक झालं आणि आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. बोललेलं कोणीतरी लिहून घ्यावं लागतं.

विचारून झाल्यावर पाळी द्या. शाळेत शालेय मंत्रिमंडळ असतं. पालकसभेला गेलात की विचारा, त्यात मुली कोणत्या कामावर आहेत? पाणी आणि स्वच्छता फक्त मुलींकडे आणि मुख्यमंत्री कायम मुलगा, असं असेल तर बाईंना, सरांना नम्रपणे सांगा की दर काही महिन्यांनी कामं बदलावी. गटात आपण पदाधिकारी बदलतो, त्याचं कारण सगळ्यांना शिकता यावं हेच आहे.

आणि एक महत्त्वाचं. त्या दोन वर्षांत ज्या मुलींची शाळा सुटली ती सुटलीच, अशा काही मुली तुमच्याही गावात असतील. काहींची लग्नं लावून दिली. त्यांना विसरू नका. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसता येतं, त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. जवळच्या हायस्कुलात चौकशी करा. पुढे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी राहून पदवी घेता येते. मी माझं बी. ए. तसंच केलं, लग्नानंतर, लेकीला मांडीवर घेऊन. मी पुस्तक उघडायचे तेव्हा माझ्या सासूबाई तिला उचलून बाहेर न्यायच्या. त्यांना सही करता येत नव्हती. पण माझी शाळा त्यांनी चालवली, हे मला आज बोलता बोलता कळतं आहे.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना एक काम करून या. आपल्या घरात सगळ्यांना जोडून देणारी कोण आहे ते शोधा, आणि तिचं स्वतःचं जोडलेलं आहे का ते विचारा. उत्तर काय आलं ते मला बैठकीत सांगा. उत्तर ऐकून वाईट वाटलं तरी सांगा. मी माझं सांगितलं.

येते. पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.